मुंबईच्या पत्त्यावरचं कामविज्ञान

काही वर्षांपूर्वी स्त्रियांच्या आरोग्यावरचं एक इंग्रजी पुस्तक वाचत होतो. पुस्तक अर्धं झालं की शेवटच्या संदर्भसूचीत डोकावायची मला जुनी खोड आहे. त्या सूचीत एक नोंद दिसली : अर्न्स्ट ग्राफेनबर्ग, १९५०, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी'. आज जगभर 'जी-स्पॉट' या नावाने ज्याची चर्चा होते, त्यातलं 'जी' हे अक्षर या ग्राफेनबर्ग यांच्या आडनावाचं. त्या चर्चेचं मूळ म्हणून जो चार पानी लेख दाखवला जातो, तो हाच. लेखक बर्लिनचा, दवाखाना न्यूयॉर्कमध्ये. तेव्हा हे नियतकालिकही न्यूयॉर्कचं नाहीतर लंडनचं असणार, असं मी गृहीत धरलं. पुढे शोध घेतला तेव्हा कळलं की ते मुंबईहून निघत होतं. संपादक होते डॉ. ए. पी. पिल्लई.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी हिशेबनिसाची. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जुनी नियतकालिकं चाळायची, एवढंच माझं शिक्षण. पण या एका नोंदीमागे मी गेलो त्याचं कारण केवळ कुतूहल नव्हतं. ते कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं का लिहितो आहे ते वाचकांना कळेल.

भिंतीवरचं ज्ञान

१९८७ साली मी शिकायला जिल्ह्याच्या गावी आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंतच्या भिंती जाहिरातींनी रंगलेल्या असत. 'गुप्तरोग', 'अशक्तपणा', 'लग्नापूर्वी एकदा अवश्य भेटा'. हस्तमैथुनाने वीर्य नासतं, वीर्याचा एक थेंब व्हायला रक्ताचे कितीतरी थेंब खर्ची पडतात, असा माणूस संसाराला निकामी होतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी शिकवलं ते मात्र सांगता आलं नसतं. खानावळीच्या पैशांतून वाचवून मी एका वैद्याला मनीऑर्डर केली. टपालाने पुड्या आल्या. त्या संपल्यावर पुन्हा मनीऑर्डर केली.

पुढे नोकरी लागली, स्थळं यायला लागली आणि मी प्रत्येक स्थळात खोट काढू लागलो. आईला वाटायचं, मुलगा फार चिकित्सक आहे. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही. एकतिसाव्या वर्षी, दुसऱ्याच कसल्या तरी तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलो असताना धीर करून विचारलं. ते हसले नाहीत. दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं आणि डॉ. विठ्ठल प्रभू यांचं 'निरामय कामजीवन' वाचायला दिलं. वर्षभरात माझं लग्न झालं. त्या दहा मिनिटांसाठी मी तेरा-चौदा वर्षं घालवली होती.

नंतर जुने कागद चाळताना लक्षात आलं की त्या दहा मिनिटांत मला जे सांगितलं गेलं, ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, सोप्या मराठीत छापून झालं होतं. छापणाऱ्याला त्याबद्दल कोर्टात उभं केलं गेलं होतं.

उत्तर देण्याचा गुन्हा

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव आता नवं नाही. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आणि अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक यांमुळे ते पुष्कळांपर्यंत पोचलं आहे. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा विल्सन कॉलेजात गणित शिकवत असे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला ते वर्षही हेच. या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत, म्हणजे छब्बीस वर्षं, चालवलं. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून घर सांभाळलं.

कर्व्यांना आपण संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखतो. माझ्या दृष्टीने त्या मासिकातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. लोक पत्र लिहून जे विचारत, त्याला कर्वे थोडक्यात, जवळजवळ रुक्ष भाषेत उत्तर देत. उपदेश नाही, चुचकारणं नाही. गणिताच्या शिक्षकाने उदाहरण सोडवून दाखवावं तसं.

१९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तो या उत्तरांवरूनच. प्रश्न होते हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर कोणी काही लिहिलं, एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. वाचक प्रश्न विचारतो तेव्हा त्याला ज्ञान हवं असतं आणि ते देणं हे त्या मासिकाचं कामच आहे. आधारासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या लेखनाचा हवाला दिला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. १९३१च्या खटल्यानंतरची ही दुसरी शिक्षा.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्या एलिसचा आधार घेतला गेला, त्याचं समलिंगी आकर्षणावरचं पुस्तकही १८९८ साली इंग्लंडमध्ये विक्रेत्यावर झालेल्या खटल्यात अश्लील ठरलं होतं. एलिसला पुढचे खंड अमेरिकेत छापून घ्यावे लागले. आणि हस्तमैथुनाची भीती तरी कुठून आली? वीर्यरक्षणाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे, पण हस्तमैथुनाला वैद्यकीय रोगाचं भरदार रूप दिलं ते युरोपने. तिसो नावाच्या स्विस डॉक्टरचं त्यावरचं पुस्तक १७६० साली फ्रेंचमध्ये आलं आणि शंभर-दीडशे वर्षं वैद्यकाने ते प्रमाण मानलं. इंग्रजी वैद्यकाबरोबर ही भीती इथे आली आणि ब्रह्मचर्याच्या कल्पनेत सहज मिसळून गेली. माझ्या वसतिगृहाच्या भिंतीवर रंगलेली होती ती ही मिश्र भीती.

बर्लिनची प्रश्नपेटी

मग हे खोटं आहे हे कर्व्यांना कसं कळलं? शिक्षणासाठी ते पॅरिसला राहिलेले, फ्रेंच उत्तम येणारे. युरोपात या विषयावर जे काम चाललं होतं त्यावर त्यांची नजर असे. त्या कामाचं केंद्र होतं बर्लिन.

मॅग्नस हिर्शफेल्ड हे तिथले ज्यू डॉक्टर. स्वतः समलिंगी आकर्षण असलेले. १९०३ साली त्यांनी बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्गच्या तांत्रिक विद्यालयातल्या सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवली : तुमचं आकर्षण स्त्रियांकडे, पुरुषांकडे की दोघांकडे? या विषयावर इतक्या मोठ्या प्रमाणात लोकांनाच विचारण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. काही विद्यार्थी अपमान झाला म्हणून कोर्टात गेले आणि हिर्शफेल्ड यांना दंड झाला. तीस वर्षांनी मुंबईत उत्तर देणाऱ्याला दंड झाला, बर्लिनमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला आधीच झाला होता.

१९१९च्या जुलैमध्ये हिर्शफेल्ड यांनी बर्लिनला लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. ग्रंथालय, संग्रहालय, तपासणीच्या खोल्या, विवाहाबद्दल सल्ला. शिवाय एक साधी सोय : लोकांनी नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकायचा आणि ठरलेल्या संध्याकाळी डॉक्टरांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचं. त्या सभांना गर्दी होत असे. 'समाजस्वास्थ्य'च्या प्रश्नोत्तरांची ही सख्खी बहीण म्हणावी लागेल.

१९३०च्या अखेरीस हिर्शफेल्ड जगाच्या प्रवासाला निघाले. १९३१ साली ते भारतात आले, इथल्या शहरांतून त्यांनी व्याख्यानं दिली. मायदेशी परतणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्यांच्या संस्थेवर हल्ला केला. चार दिवसांनी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची जी होळी झाली, तिच्यात या संस्थेचे ग्रंथही होते. त्या होळीची छायाचित्रं आपण सर्वांनी पाहिली आहेत. आत काय जळत होतं ते मला फार उशिरा कळलं. १९३५ साली, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, हिर्शफेल्ड फ्रान्समध्ये वारले.

पत्ता : मुंबई

बर्लिनची संस्था उद्ध्वस्त झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३४ साली, डॉ. पिल्लई यांनी मुंबईहून 'मॅरेज हायजीन' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. त्यामागे संततिनियमनाची चळवळ होती. पण लेखक-संपादकांची नावं पाहिली की लक्षात येतं, युरोप-अमेरिकेतले कितीतरी अभ्यासक या अंकांशी जोडलेले होते. अमेरिकन बाजूचे संपादक होते नॉर्मन हाइम्स, संततिनियमनाच्या वैद्यकीय इतिहासाचे लेखक.

हे नियतकालिक अमेरिकेत पोचणंही सोपं नव्हतं. हाइम्स यांच्या नावे मुंबईहून गेलेले अंक तिथल्या जकात खात्याने अडवले. प्रकरण कोर्टात गेलं. १९३८ साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की हाइम्स हे अंक बाळगण्याचे अधिकारी आहेत, अंक त्यांच्या हाती द्यावेत. आपल्याकडे बंदी आलेली विदेशी पुस्तकं आपल्याला माहीत आहेत. मुंबईत छापलेलं त्रैमासिक अमेरिकेने बंदरावर अडवलं, ही उलटी वाट मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मध्ये काही वर्षं खंड पडला. १९४७ साली नियतकालिक पुन्हा निघालं आणि लवकरच त्याचं नाव 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झालं. १९५५ पर्यंत ते चाललं. स्त्रीच्या कामतृप्तीवर या अंकांतून देशोदेशीच्या डॉक्टरांनी वाद घातला. तृप्ती न मिळणाऱ्या स्त्रीला तोवर सर्रास 'थंड' म्हटलं जाई. दोष तिचाच असतो का, की नवऱ्याचा, की दोघांच्या अज्ञानाचा, हा प्रश्न होता. ग्राफेनबर्ग यांचा लेख या वादात आला.

ग्राफेनबर्ग बर्लिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भाशयात बसवायची गर्भनिरोधक रिंग त्यांनी तयार केली. आपल्याकडच्या तांबी-लूपच्या पूर्वजांपैकी ती एक. ज्यू असल्यामुळे १९३३ साली त्यांचं रुग्णालयातलं पद गेलं, पुढे तुरुंगवास झाला, १९४० साली कसेबसे अमेरिकेत पोचले. १९५०च्या लेखात त्यांनी मूत्रमार्गालगतच्या योनिभित्तीची संवेदनशीलता वर्णन केली. 'जी-स्पॉट' हे नाव त्यांचं नाही. ते १९८१ साली इतरांनी दिलं. तसा एखादा वेगळा अवयव शरीरात आहे का, याबद्दल संशोधकांत आजही एकमत नाही. पण स्त्री काय सांगते ते ऐकून नोंदवावं, ही त्या लेखाची बैठक होती.

त्याच नियतकालिकात १९५३ साली आणखी एक लेख आला. लेखक हॅरी बेंजामिन, जन्माने बर्लिनकर, हिर्शफेल्ड यांच्या ओळखीतले, पहिल्या महायुद्धामुळे अमेरिकेत अडकले आणि तिथेच स्थायिक झाले. पुरुषाचं शरीर घेऊन जन्मलेली पण स्वतःला स्त्री मानणारी, किंवा याच्या उलट असलेली माणसं वेगळी आहेत; त्यांना विकृत ठरवून किंवा मनाचे उपचार करून त्यांचा प्रश्न सुटत नाही, असं त्यांनी मांडलं. आज पारलिंगी व्यक्तींच्या वैद्यकीय उपचारांचा इतिहास लिहिणारे या लेखापाशी हटकून थांबतात. जर्मनीतून विखुरलेल्या माणसांचे लेख मुंबईच्या पत्त्यावर येत होते, ही गोष्ट मुंबईच्या कुठल्या इतिहासात मला वाचायला मिळाली नव्हती.

१९५३

त्याच १९५३च्या सप्टेंबरात अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांचा स्त्रियांवरचा ग्रंथ आला. किन्सी मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. एका जातीच्या बारीक गांधीलमाशा लाखांनी गोळा करून त्यांच्यातले फरक मोजणारा माणूस. १९३८ साली इंडियाना विद्यापीठात विवाहावरच्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. विद्यार्थ्यांच्या साध्यासाध्या प्रश्नांना छापील उत्तरच नाही हे पाहून ते लोकांच्या मुलाखती घ्यायला लागले. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'तुम्ही कधी असं केलंत का?' असं ते विचारत नसत. 'पहिल्यांदा कोणत्या वयात केलंत?' असं विचारत. केलं नसेल तर माणसाने तसं सांगावं. कबुली देण्याचा भार अशा रीतीने हलका होई. उत्तरं सांकेतिक खुणांत टिपली जात, म्हणजे कागद कोणाच्या हाती पडला तरी नाव उघडं पडू नये.

१९४८च्या ग्रंथात सुमारे ५,३०० पुरुषांची आणि १९५३च्या ग्रंथात ५,९४० स्त्रियांची माहिती होती. हस्तमैथुन केल्याचं सांगणारे पुरुष ९२ टक्के निघाले, स्त्रिया ६२ टक्के. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. वसतिगृहाच्या खोलीत मी स्वतःला जगात एकटा समजत होतो.

स्त्रियांबद्दलच्या ग्रंथावर अमेरिकेत काहूर उठलं आणि पुढच्या वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानने पैसा थांबवला. १९५६ साली किन्सी गेले. इकडे ऑक्टोबर १९५३ मध्ये र. धों. कर्वे वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' थांबलं. उत्तरं देणारं एक दार बंद झालं, त्याच्या आगेमागे त्या उत्तरांना आकड्यांचं बळ मिळालं.

कोणाला विचारलं नाही

या मंडळींची आरती करून लेख संपवणं मला बरं वाटत नाही. पिल्लई यांच्या पहिल्या नियतकालिकावर सुप्रजाजननाच्या विचाराची गडद छाया होती. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे वरच्या थरातल्या सुशिक्षितांनी ठरवायचं, असा तो विचार. ना. सी. फडके यांनी १९२७ साली लैंगिक प्रश्नावर इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यातही तो आहे. कर्वेही त्यातून पूर्ण सुटलेले नाहीत. हिर्शफेल्ड यांचीही त्याला सहानुभूती होती. पुढे जर्मनीत याच विचाराच्या नावाखाली लाखो माणसांची सक्तीने नसबंदी झाली. गिरणगावातल्या बाईला गर्भनिरोधन शिकवायला सगळे तयार होते. तिला सुख मिळतं का, हे विचारणारा क्वचितच.

किन्सी यांचे आकडेही निर्दोष नाहीत. पुरुषांच्या ग्रंथातल्या आकडेवारीत फक्त गोरे अमेरिकन होते. मुलाखतीला आपणहून येणाऱ्यांवर भिस्त होती. संख्याशास्त्रज्ञांच्या समितीने नमुना निवडण्याच्या या पद्धतीवर कडक टीका केली. मुलांवर अत्याचार करणाऱ्या माणसाच्या नोंदी त्यांनी माहिती म्हणून वापरल्या, हा त्या कामावरचा न पुसणारा डाग आहे. ऐकून घेणं चांगलं. पण कोणाचं ऐकतो आणि कोणाच्या वतीने, हे विसरून चालत नाही.

तरीही या सगळ्यातून एक गोष्ट हाती लागली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात लैंगिक आरोग्याची व्याख्या आली. त्यात रोग नसणं एवढंच पुरेसं मानलेलं नाही. शरीर, भावना, बुद्धी आणि समाज यांचा मेळ बसून माणसाचं जगणं, बोलणं आणि प्रेम समृद्ध व्हावं, अशी अपेक्षा त्यात आहे. आणि लैंगिक माहिती मिळण्याचा, सुख अनुभवण्याचा हक्कही मान्य केलेला आहे. कर्व्यांना हे वाचायला मिळायला हवं होतं.

अजून येणारी पत्रं

मुंबईत ही परंपरा अगदीच तुटली नाही. डॉ. महेंदर वत्स यांनी 'मुंबई मिरर' या दैनिकात पंधराएक वर्षं वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली. ऐंशी वर्षांचे असताना त्यांनी ते सदर सुरू केलं आणि २०२० साली, शहाण्णव वर्षांचे असताना ते गेले. त्यांची उत्तरं दोन-तीन ओळींची, थोडी खट्याळ. हस्तमैथुनाच्या भीतीचे प्रश्न त्यांच्याकडेही येतच होते. कर्व्यांना विचारले गेलेले प्रश्न सत्तर वर्षांनी, इंग्रजीतून.

प्रश्न पुन्हा तेच का येतात, याचं उत्तर फार लांब शोधायला नको. २००७ साली शाळांमध्ये किशोरवयीन मुलांसाठी आखलेला शिक्षणक्रम काही राज्यांनी रोखला, त्यांत महाराष्ट्र होता. कारण दिलं गेलं संस्कृतीचं. ज्या भाषेत १९२७ पासून या विषयावर मासिक निघालं, त्या भाषेच्या राज्यात.

ज्या जुन्या ग्रंथालयात मी 'समाजस्वास्थ्य'चे अंक पाहिले, तिथल्या एका खंडातली काही पानं ब्लेडने कापून नेलेली होती. आधी मला रागच आला. मग वाटलं, कोणीतरी माझ्यासारखाच घाबरलेला पोरगा असेल. वही घेऊन उतरवत बसायची लाज वाटली असेल, म्हणून पानच खिशात घातलं असेल. ग्रंथपालांना मी ती कापलेली पानं दाखवली. दुसऱ्या कुठल्या संग्रहातून त्यांची छायाप्रत मिळवून जागेवर लावता येईल का, असं विचारलं. अर्ज लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिला आहे.